परतीची फेरी

सांता लुचियाच्या सरकत्या जिन्यावर पायऱ्यांपेक्षा कठडा जरासा जास्त वेगानं पळतो. दक्षिण इटलीतल्या आमच्या पोतेन्झात हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्यामुळे कुणाचंही अडत नाही. हात पुढे जातो, अंग मागे राहतं, मग माणूस हात उचलतो आणि पुन्हा मागे आणून ठेवतो. त्या सोमवारी मी असा हात उचलला होता, तेवढ्यात शेजारच्या जिन्यावरून खाली उतरणारी एक बाई माझ्या समोर आली, बाजूला आली, आणि मला नीट दिसायच्या आत मागे गेली. आणि मागून तिनं हाक मारली, "सर! आपली परतीची फेरी राहिलीय!" आमच्याकडे परतीची फेरी म्हटलं की फुटबॉल. एक सामना त्यांच्या मैदानावर, दुसरा आपल्या. माझ्या मागच्या पायरीवर वांग्यांची पिशवी घेतलेला एक गृहस्थ होता. तो म्हणाला, "किती गोल मागे आहात सर?" दोनचार माणसं हसली, मीही हसलो. पण चेहरा ओळखीचा नसला तरी आवाज ओळखीचा होता. तो आवाज मी तेवीस वर्षं ऐकत होतो.

ती खाली पोचेल, वळेल, आणि वर येणाऱ्या जिन्यावर चढेल, हे उघड होतं. म्हणजे मला निसटायला अर्ध्या चढाचा अवधी होता. मी एकाहत्तर वर्षांचा आहे, गुडघे कुरकुरतात, पण वरच्या तोंडाशी एक औषधाचं दुकान आहे, तिथं शिरता आलं असतं. चौतीस वर्षं मी सरकारी शाळेत पोरांना तत्त्वज्ञान आणि त्याबरोबर तर्क शिकवला. कुठल्याही गोष्टीची दोन्हीकडची कारणं मांडायची खोड अंगात मुरलेली. पळून जाण्याची मला तीन कारणं सापडली, थांबण्याचं एकही नाही. आणि तरी मी जिन्याच्या तोंडाशी वारा खात उभा राहिलो. सप्टेंबर असला तरी आमच्या टेकडीवरचा वारा बोचतो, आणि माझ्या कोटाचं मधलं बटण कित्येक वर्षांपासून नाही. त्या फटीतून तो नेमका आत शिरत होता.

"ओळखलंत का?" वर येताच ती म्हणाली. केस रंगवलेले, गळ्यात मापाची फीत तशीच राहिलेली, बाहीला निळा धागा चिकटलेला. "सेराफिना लोवाल्लो. शेवटचं वर्ष, ब तुकडी. खिडकीकडचं तिसरं बाक. अजून काय सांगू, मार्क सांगू?"

"ओळखलं."

"खोटं बोलताय. म्हातारे झालात सर."

"तुझंही काही फार बरं चाललेलं दिसत नाही."

"हात्तिच्या!" ती मोकळेपणानं हसली. "जीभ तेवढी तरुण राहिली म्हणायची." मग तिनं माझी बाही धरली आणि मला वाऱ्यातून भिंतीच्या आडोशाला नेलं. मला कुणी असं बाही धरून नेल्याला बराच काळ लोटला होता. तिची मुलगी नोएमी यंदा शंभरपैकी शंभर मार्कांनी पास झाली. बोलोन्याला भूगर्भशास्त्राला जागा मिळाली. "माझाच विषय. आठवतं ना?" मला आठवत होतं. "तीस तारखेपर्यंत जागा पक्की करायची आहे. आणि मी तिला काय सांगितलं माहितीये? आपलं वाक्य."

"कुठलं वाक्य?" मी विचारलं. हे मात्र खरोखरच खोटं होतं.

तिनं ते तिथं, औषधाच्या दुकानासमोर, म्हणून दाखवलं. मी शिकवलं होतं तसंच, पहिल्या अर्ध्यानंतर एक श्वास थांबून. "जो थांबतो त्याला कारण द्यावं लागत नाही. कारण जाणाऱ्यानं द्यायचं असतं." आणि मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ती गप्पच झाली सर. एवढी चुरूचुरू बोलणारी पोरगी, आणि गप्प. सामान बांधत होती ते बंद केलंय. मला ते बघवत नाही, आणि तोंड उघडलं की पुन्हा तेच वाक्य बाहेर पडतं. तुम्ही या. गुरुवारी दुपारी. तुम्हीच हा खेळ शिकवलात, परतीची फेरीही तुम्हीच खेळा."

"तुझे वडील...?"

"आहेत की. मिरच्या ओवत बसलेत. त्यांना कुठं जायचंय?"

खेळ म्हणजे असा. दर गुरुवारी सकाळी मी कॉफीचा रिकामा डबा वर्गात फिरवायचो, भाषणं शेवटच्या तासाला. त्यात वाल असायचे, काही पांढरे, काही काळे. फळ्यावर एक प्रश्न. पांढरा वाल आला की बाजूनं बोलायचं, काळा आला की विरुद्ध, तुमचं स्वतःचं मत काहीही असो. पुढच्या गुरुवारी बाजू उलटायच्या. ज्यानं आज एक मत उभं केलं त्यानंच आठवड्यानं ते पाडायचं. कुणालाही आपल्या मताशी लग्न लावायची परवानगी माझ्या वर्गात नव्हती. शिक्षकांच्या खोलीत मला टोमणे बसत. तेलेस्का, म्हणजे मी, पोरांना दोन्ही बाजूंनी खोटं बोलायला शिकवतो, असं धर्माचे गुरुजी म्हणायचे. मी त्यांना म्हणायचो, एकाच बाजूनं खोटं बोलण्यापेक्षा ते बरं. मी स्वतःवर खूश होतो त्या काळात. अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो, पोरं मला घाबरत नसत आणि माझ्या तासाला कुणी गैरहजर राहत नसे. परतीची फेरी हाच सगळ्याचा प्राण आहे, पहिली फेरी नुसती कसरत, असं मी मोठमोठ्यानं सांगायचो. हे मीच सांगायचो, म्हणून पुढचं सगळं आणखी लागतं.

शहाण्णव सालचा फेब्रुवारी. फळ्यावर प्रश्न होता: घरच्या माणसासाठी मागे थांबणं हे कर्तव्य आहे का? प्रश्न मी निवडला होता. सेराफिनाची आई आदल्या वर्षी वारली होती, वडील ऐंशीच्या भूकंपापासून चाकाच्या खुर्चीत होते, आणि तिला बोलोन्याला जायचं होतं, हे मला माहीत होतं. मला माहीत होतं. हे वाक्य मी मनात इतक्या वेळा लिहून खोडलं आहे की आता ते लिहिलेलंच राहू दे. प्रश्न जिवंत असला पाहिजे, ज्याला चटका बसेल असा कुणीतरी वर्गात असला पाहिजे, असं माझं शिक्षणशास्त्र होतं. तिला पांढरा वाल आला. म्हणजे थांबलं पाहिजे, ही बाजू. ती डबा हातात धरून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ही नको. दुसरी द्या. ही माझ्याच्यानं होणार नाही." मी काय म्हणालो ते वर्गाला फार आवडलं. मी म्हणालो, "ज्याला नको ती बाजू मांडता येत नाही, त्याला आपल्याला काय हवंय तेही ठाऊक नसतं. वाल म्हणजे वाल." सगळे हसले. तीही हसली बहुतेक. मला तिचा चेहरा आठवत नाही, फक्त डब्यातले वाल खुळखुळले ते आठवतं.

भाषण तिनं मन लावून लिहिलं. शेवट जमत नव्हता. मधल्या सुट्टीत रेडिएटरच्या शेजारी उभी राहून तिनं मला कागद दाखवला, आणि मी समासात पेन्सिलनं ते वाक्य लिहिलं. जो थांबतो त्याला कारण द्यावं लागत नाही. ते वाक्य वाकडं होतं. लिहितानाच मला ठाऊक होतं. ते गुपचूप सगळं ओझं एकाच्या खांद्यावर टाकतं आणि दुसऱ्याला मोकळं सोडतं, जणू थांबणं म्हणजे काही करणंच नव्हे. तर्काच्या पहिल्या वर्षाच्या पोरानंही ते पकडावं. म्हणूनच तर मी ते तिथं पेरलं. पुढच्या गुरुवारी बाजू उलटल्यावर तिलाच ते उखडावं लागेल, आणि आपल्या हातानं उखडलेली गोष्ट माणूस जन्मभर विसरत नाही, असा माझा डाव होता. फार सुंदर डाव होता तो. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली होती.

वर्गात तिनं ते वाक्य म्हटलं. विरुद्ध बाजूची चार पोरं एकमेकांकडे पाहत राहिली. एक मुलगी रडायला लागली. मला स्वतःला, ज्यानं ते वाक्य बनवलं त्याला, क्षणभर वाटलं की खरंच की काय. योगायोगानं त्या दिवशी मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसल्या होत्या. तास संपल्यावर त्या म्हणाल्या, हिला बारी शहरातल्या वक्तृत्व स्पर्धेला पाठवायचं.

परतीची फेरी झाली नाही. का झाली नाही, याचं एक उत्तर माझ्याकडे कायम तयार असतं: त्या गुरुवारी बर्फ पडला, शाळा बंद राहिली. ही गोष्ट खरी आहे. गुडघाभर बर्फ होता, कुणालाही विचारा. पण बर्फ एका गुरुवारी पडला. वर्ष संपेपर्यंत त्यानंतर अकरा गुरुवार होते. ते मी मोजले आहेत, दातांच्या डॉक्टरकडे वाट पाहताना, पोस्टाच्या रांगेत, चर्चमध्ये कुणाच्या तरी अंत्यविधीला. दर वेळी अकराच भरतात. त्या अकरा गुरुवारी आम्ही भाषण घासत होतो. बारीला एकच फेरी असते, एकच बाजू. श्वास कुठं घ्यायचा, आवाज कुठं खाली आणायचा, नजर कुणावर ठेवायची. आठ वेळा मी ते तिच्याकडून म्हणवून घेतलं, आणि आठही वेळा तिनं ते आधीपेक्षा जास्त खरं म्हटलं. बारीहून आम्ही कप आणला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या लांब बोळात ती मला गाठून म्हणाली, "सर, परतीची फेरी कधी?" मी कपाकडे चाललो होतो. कपाटात तो नीट ठेवलाय की नाही ते बघायचं होतं. चालता चालता मी म्हणालो, "कशाला? जिंकलोय आपण. जिंकलेला मुद्दा उसवत बसायचं नसतं."

हे मी म्हणालो. चौतीस वर्षांत हजारो वाक्यं बोललो असेन, त्यातलं हे एक मला परत घ्यायचं आहे आणि घेता येत नाही.

ती गेली नाही. आईचं बटणं-दोऱ्यांचं दुकान तिनं पुन्हा उघडलं. पुढे लग्न झाल्याचं कानावर आलं, नवरा जर्मनीला कामाला गेला आणि तिकडचाच झाला हेही आलं. माझ्या कोटाचं बटण तुटलं त्या दिवसापासून मी तसाच हिंडतो आहे, आणि लोक समजतात, एकटा पुरुष, असाच असणार. पण गंमत अशी की ते वाक्य तिच्याकडे गेलं तसं माझ्याकडेही राहायला आलं. अठरा वर्षांच्या मुलीच्या आवाजात. भूत म्हणायचं तर तसं काही नाही, पडदे हलत नाहीत, भांडी पडत नाहीत. फक्त काही ठरवायची वेळ आली की श्वासभर थांबून ते माझ्या कानाशी बोलतं. चेझिरा नावाची इतिहासाची शिक्षिका होती. तिची लेच्चेला बदली झाली तेव्हा ती म्हणाली, तुम्हीही या. मी म्हणालो, का यायचं ते पटवून दे. बिचारीनं चार कारणं दिली. मी चारही खोडून काढली, माझ्याकडून थांबण्याचं एकही कारण न देता, आणि ती एकटीच गेली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय, डॉक्टर म्हणतात काढू या, मी म्हणतो सिद्ध करा. दूध बदलायचं, दिवा बदलायचा, दर रविवारच्या जेवणाची तीच खाणावळ बदलायची, प्रत्येक वेळी जाणाऱ्यानं पुरावा द्यायचा आणि थांबणारा जिंकायचा. ज्या सापळ्याची कळ मी स्वतः बसवली होती त्यात मी आरामात राहत होतो. फरक एवढाच की मला तो सापळा आहे हे ठाऊक होतं. आणि तिला ठाऊक नव्हतं, असं मी धरून चाललो होतो.

मंगळवारी मी कागद घेऊन बसलो. त्या वाक्याचं खंडन दोन ओळींत होतं. थांबणं हाही निर्णयच, आणि जो थांबतो तोही रोज काहीतरी नाकारत असतो, म्हणून कारण त्यानंही द्यायला हवं. झालं. तपासायला दिलं असतं तर शाई वाळायच्या आत मार्क देऊन मोकळा झालो असतो. अडचण त्यापुढे होती. गुरुवारी मी ते कसं म्हणणार? विरुद्ध बाजूचा खेळाडू म्हणून सफाईनं म्हणता येत होतं. मुलीची सुटका झाली असती, आईनं टाळ्या वाजवल्या असत्या, माझा आब राहिला असता. वाक्य माझं होतं आणि ते खोटं आहे हे मला लिहिल्या क्षणापासून माहीत होतं, हे सांगायची गरजच नव्हती. न सांगताही जिंकता येत होतं. आणि सांगितलं, तर ज्या खांबावर त्या बाईनं तेवीस वर्षं घर उभं केलं तो खांब मी गंमत म्हणून ठोकला होता, हे तिला तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्या मुलीसमोर, तिच्या बापासमोर ऐकावं लागलं असतं. कागदाच्या डाव्या बाजूला मी न सांगण्याची कारणं लिहिली. सात झाली. सगळी तिच्या भल्याची. वाचून पाहिली आणि मला स्वतःची शिसारी आली. बुधवारी दिवसभर मी त्या कागदाकडे फिरकलो नाही. उजवी बाजू कोरीच राहिली.

गुरुवारी दुपारी चार वाजता मी तिचा जिना चढलो. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात लाल मिरच्यांचा ढीग, आणि ढिगामागे चाकाच्या खुर्चीत रोक्को लोवाल्लो, दाभणासारखी लांब सुई घेऊन, देठात देठ ओवत बसलेला. खुंटीवर माळा लोंबत होत्या. "या मास्तर," तो म्हणाला. "बारीचा कप आणणारे तुम्हीच ना? आमच्या घरी कुणी कधी काही जिंकलं नाही, ती एकटीच." मी मान हलवली आणि बसलो. सेराफिना शेगडीशी होती, मागच्या वर्षीच्या वाळलेल्या मिरच्या तेलात सोडायच्या तयारीत. नोएमी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, उंच, हनुवटी वर, डोळे आईचे नव्हेत, त्याहून कडक.

"तुम्ही ते वाक्यवाले सर?" ती म्हणाली. "मला जिंकवायला आलात की हरवायला?"

"नोएमी!" आई म्हणाली.

"विचारलं फक्त. आईला वाटतं तुमच्याकडे उत्तर आहे. मी दहा दिवस शोधतेय. मी जाण्याची नऊ कारणं दिली, आई म्हणते, बरोबर आहेत पण पुरेशी नाहीत. किती झाली की पुरेशी होतात, सर?"

प्रश्न अचूक होता. माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यानं मला तो विचारला नव्हता. मी सुरुवात केली, सफाईदार, जुन्या सवयीनं. निर्णय म्हणजे काय, पुरावा कुणी द्यायचा हे आधी कोण ठरवतं, वगैरे. आवाज छान लागला होता. नोएमी टेबलावर पुढे झुकून ऐकत होती. दोन मिनिटांत मी तिला मोकळी केली असती. आणि मला माझाच आवाज ऐकू आला, त्या बोळातला, कपाकडे जाताना जसा होता अगदी तसा, खुशीत आलेला. मी थांबलो. रोक्कोनं सुई वर धरून माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं मी विसरलो.

"ते वाक्य खोटं आहे," मी म्हणालो. "ते मी लिहिलं. तुझ्या आईच्या कागदावर, पेन्सिलनं. लिहितानाच मला माहीत होतं की ते खोटं आहे. ती पकडेल म्हणून मुद्दाम लिहिलं होतं. आणि नंतर पकडायची वेळ मी येऊच दिली नाही, कारण मला कप हवा होता."

या मिरच्या तेलात क्षणभरही जास्त राहिल्या की करपतात. सेराफिनानं झाऱ्यानं त्या काढल्या, ताटलीत निथळायला ठेवल्या, मीठ भुरभुरलं, गॅस बंद केला. सगळं एकामागून एक, घाई न करता. मग मागे न वळता म्हणाली, "मला माहीत आहे, सर."

"काय माहीत आहे?"

"खोटं आहे ते. मी बुधवारीच पकडलं होतं. बर्फ पडायच्या आदल्या दिवशी. पूर्ण भाषण लिहून पाठ केलं होतं."

नोएमी म्हणाली, "मग, आई? मग मला का सांगत होतीस?"

सेराफिना वळली. तिला राग आला नव्हता. आला असता तर मला सोपं गेलं असतं. "गुरुवारी बर्फ पडला. मग बारी. मग सर म्हणाले, उसवायचं नाही. मी विचार केला, माझ्यासारखीला जे एका संध्याकाळी दिसलं ते सरांना दिसलं नसेल असं कसं होईल? दिसलंच असणार. दिसूनही सर म्हणतायत राहू दे. म्हणजे त्याच्याखाली काहीतरी असणार, जे मला अजून कळत नाही. म्हटलं, कळेल पुढे." तिनं फडक्याला हात पुसले. "अजूनही वाटतं अधूनमधून, कळेल. आणि मग तेच वाक्य तोंडातून निघतं. आपल्याला एकटीलाच ठाऊक असलेली गोष्ट घेऊन घराबाहेर पडता येत नाही, सर. कुणीतरी हो म्हणावं लागतं."

"भाषण येतं अजून?" नोएमीनं विचारलं.

"सगळं."

"म्हण."

तिनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, वर्गात ठेवायची तसा. आणि जो आवाज निघाला तो एकेचाळीस वर्षांच्या बाईचा नव्हता. "मागच्या गुरुवारी मी म्हणाले की थांबणाऱ्याला कारण द्यावं लागत नाही. मी चूक बोलले. मी दोन वर्षांची होते तेव्हा रविवारी संध्याकाळी जमीन हलली. आई मला घेऊन बाहेर पळाली. बाबा आत थांबले. ते उगाच थांबले नाहीत. आतल्या खोलीत आजी होती, तिला उचलायचं होतं. भिंत पडली तेव्हा आजी त्यांच्या हातात होती. म्हणजे माझ्या ओळखीतला सगळ्यात मोठा थांबणारा माणूस, त्याच्याकडेसुद्धा कारण होतं. त्याला कुणी विचारलं असतं तर त्यानं एका शब्दात सांगितलं असतं. मलाही तसं एका शब्दात सांगता आलं पाहिजे. मी म्हणते, बाबांना माझी गरज आहे. पण हे मला कुणी सांगितलं? शेजाऱ्यांनी. मावशीनं. मी स्वतः. बाबांना मी विचारलेलं नाही. ज्याच्या नावानं मी हा सगळा वाद केला त्या माणसाला मी एकदाही विचारलेलं नाही. विचारल्याशिवाय माझं थांबणं हे कर्तव्य नाही, नुसती भीती आहे. म्हणून माझं मत असं की आधी विचारावं. आणि उत्तर ऐकून घ्यायची तयारी नसेल तर मग निदान जावं."

ती थांबली. मग स्वतःच्या आवाजात म्हणाली, "गुरुवारी वर्गात बोलून झालं की शुक्रवारी बाबांना विचारणार होते. आधी वर्गात नीट उभं राहतंय का बघू म्हटलं."

नोएमी उठली. आईच्या जवळून जाताना तिच्या दंडाला तिनं नुसता हात लावला आणि आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग पलंगाखालून काहीतरी जड ओढल्याचा. ती जाणार होती. मला हायसं वाटायला हवं होतं. मला भीती वाटत होती, कारण रोक्कोचे हात थांबले होते. सुई अर्धवट ओवलेल्या देठात होती आणि तो आपल्या मुलीकडे बघत होता, भाषण कळायला थोडा वेळ लागलेल्या माणसासारखा.

"मग गेली का नाहीस?" त्यानं विचारलं.

आवाजात टोमणा नव्हता, तक्रार नव्हती. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. सेराफिनानं माझ्याकडे पाहिलं. वर्गातसुद्धा ती कधी अशी उत्तरासाठी माझ्याकडे बघत नसे. मला उत्तर येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला एका प्रश्नाचं एकाच बाजूचं उत्तर येत होतं.

"माझ्यामुळे," मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं चाकं हातांनी ढकलून खुर्ची हळूहळू माझ्याकडे वळवली. टेबलाच्या पायाला एकदा अडकली, मी उठून सोडवायला हवी होती, पण मला उठता आलं नाही. त्यानंच ती मागे घेतली आणि पुन्हा वळवली.

"तुमच्यामुळे?" तो म्हणाला. "तेवीस वर्षं मी समजतोय, माझ्यामुळे. रोज सकाळी ती मला खुर्चीत बसवते, मोजे चढवते, आणि मी मनातल्या मनात पोरीची माफी मागतो. एक दिवस चुकलेला नाही." त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यानं ते पुसलं नाही, कारण हाताला मिरच्या होत्या. "तुम्ही कुठं होतात, मास्तर?"

"इथंच," मी म्हणालो.